टेकडीवरचा उन्हाळा आणि आमची मान

मे महिन्यात पुण्यातल्या वेताळ टेकडीवर निसर्ग बघायला जायचं तर पहिली तयारी मानेची करावी लागते. बूट, पाणी, टोपी हे सगळं नंतर. उन्हाळ्यात ही टेकडी आपला माल दोनच ठिकाणी मांडते: फुलं डोक्याच्या बऱ्याच वर आणि जीवजंतू बुटाच्या जवळपास. डोळ्यांच्या उंचीवर फक्त माणसं दिसतात, आणि ती बघायला पहाटे उठायची गरज नाही.

उजाडता उजाडता वर असावं. साडेआठनंतर पक्षी सावली गाठतात. उन्हात उरतात ते सरडे आणि आपण. माणशी लिटरभर पाणी, मळखाऊ रंगाचा पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि ८×४२ ची (म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरे. १०×५० ची दुर्बीण दुकानात रुबाबदार वाटते, पण चढ चढून आल्यावर ती पक्ष्याऐवजी आपली नाडी दाखवते. दुर्बीण लावायची रीतही उलटी आहे. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी पकडायचा, मग नजर तिथून न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. दुर्बिणीतून पक्षी शोधत बसणाऱ्याला फांद्या मात्र भरपूर दिसतात.

फुलांच्या बाबतीत उशिरा येणाऱ्याची फजिती ठरलेली. पळस आणि गणेर फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकून घेतात. मेमध्ये पळसाखाली गेलात तर टोकाशी एकच बी असलेल्या चपट्या शेंगा मिळतील. आता पाळी बहाव्याची. पिवळे घोस दिसले की ‘बहावा फुलल्यापासून ४५ दिवसांनी पाऊस’ असं सांगणारे कोणी तरी हमखास शेजारी उगवतात. कुठल्या झाडापासून मोजायचं हे विचारू नये. एक झाड एप्रिलमध्ये फुलतं, दुसरं मे सरता सरता, आणि सांगणाऱ्यांना सोयीचं तेच झाड खरं असतं.

कुडा ओळखणं ही खरी परीक्षा. काळा आणि पांढरा, दोन्ही कुड्यांची फुलं पांढरीच असतात. नावं ठेवणाऱ्यांची विनोदबुद्धी मान्य करून पुढे जावं. फुलाच्या मधोमध झालर असेल तर काळा कुडा, नसेल तर पांढरा. फूल उंचावर असेल तर शेंगा बघाव्यात. दोन्हींच्या शेंगा जोडीनंच लटकतात, पण काळ्या कुड्याच्या जोडीची टोकं एकमेकांना चिकटलेली असतात, पांढऱ्याची सुटी.

मानेचा खरा शत्रू तांबट. चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळावर लाल टिळा, आणि दिवसभर टुक्‌-टुक्‌-टुक्‌. आवाज डावीकडून आला म्हणून तिकडे वळावं तर तो उजवीकडून येतो. पक्षी एकच असतो आणि जागचा हललेलाही नसतो. ओरडताना तो डोकं इकडून तिकडे फिरवतो, एवढंच. आवाजामागे न फिरता झाडाच्या शेंड्याची वाळकी फांदी बघावी.

आता खाली बघा. टिटवी उघड्या मुरुमावर खड्यांच्या रंगाची चार अंडी घालते. ती डोक्यावर येऊन आरडाओरडा करू लागली की आल्या पावली मागे फिरायचं. अंडी शोधायला थांबलात तर तेवढा वेळ ती घरट्यापासून दूर राहते आणि अंडी उन्हात तापतात. एरवी ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणून अंड्यांना गारवा देते; आपण तिचा फोटो काढण्याऐवजी तिला कामाला जाऊ द्यावं. रातवा हा रात्री वावरणारा पक्षी तर पालापाचोळ्यावर पालापाचोळा होऊन बसतो. तो ‘दिसला’ असं म्हणणारे बहुतेक जण त्याला जवळजवळ तुडवून आलेले असतात.

मान वाचवायचा एकच उपाय मला पटतो: टेकडीवरच्या दगडखाणीत साठलेल्या पाण्याजवळ उन्हाकडे पाठ करून वीसेक मिनिटं गप्प बसणं. तहानलेले पक्षी आपण होऊन खाली उतरतात. अडचण फक्त फिरायला आलेल्या काकांची. ते खिशातल्या मोबाइलवर जुनी गाणी वाजवत येतात, ‘काय बघताय?’ विचारतात, आणि ‘बुलबुल’ ऐकल्यावर त्यांचा चेहरा पडतो. त्यांना बिबट्या हवा असतो.

उरला प्रश्न मोज्यांचा. कुसळी गवताच्या कुसळाला टोकाशी उलट दिशेनं वळलेले केस असतात, त्यामुळे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. बाहेरून ओढलं तर शेपटी हातात येते आणि टोक घोट्यापाशी राहतं. मोजा उलटा करायचा आणि टोक धरून आतल्या बाजूनं ओढून काढायचं. तसाच मोजा धुवायला टाकू नये. कुसळाची शेपटी ओलाव्यानं पीळ बदलते आणि ते आणखी आत शिरतं. मशीनमध्ये तर ते घरातल्या इतरांच्या कपड्यांतही जातं, आणि मग ऑफिसच्या पँटमध्ये कुसळ कुठून आलं याचा तपास लागायला फार वेळ लागत नाही.