एप्रिलमधली कृष्णा कुणाची?

उन्हाळा आला की सांगलीतल्या कोरड्या पात्राचे फोटो फिरायला लागतात आणि खाली ठरलेली कमेंट येते, "यंदा पाऊसच कमी झाला." हे निदान अर्धवट आहे. एप्रिलमध्ये सांगलीत कृष्णा वाहते ती मुख्यतः कोयना धरणातून सोडलेल्या पाण्यावर. धरणाच्या पायथा वीजगृहाचे दोन्ही संच चालू असले की २१०० क्युसेक (सेकंदाला घनफूट) निघतात आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतात. तो विसर्ग बंद झाला की पावसाळा कितीही चांगला झालेला असो, पात्र उघडं पडतं. पलीकडे चिपळूणला वाशिष्ठी ऐन उन्हाळ्यात वाहते, तेही कोयनेच्याच वीजनिर्मितीचं पाणी. विजेची मागणी वाढली की नदी वाढते!

मग नदीचं स्वतःचं पाणी कुठलं? पाझराचं. आपल्या नद्यांच्या उशाशी बर्फ नाही. काळ्या कातळात पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत, म्हणजे टाकी मुळातच लहान. कोकणात तर तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही फेब्रुवारीत वहाळ आटतात, कारण जांभा पाणी जितक्या लवकर पितो तितक्याच लवकर सोडतो, आणि उतार तीव्र.

म्हणून "किती पडला" इतकाच "कधी पडला" हा प्रश्न महत्त्वाचा. मृगातला ५० मिलिमीटर पाऊस काळ्या रानाच्या भेगांतच जिरतो, ओढ्याला पत्ताही लागत नाही. तेवढाच आश्लेषात पडला तर जमीन आधीच भिजलेली असते, ओढा फरशी पुलावरून जातो. आणि परतीच्या पावसाने दगा दिला तर एकूण आकडा सरासरीचा दिसूनही माघात पाझर तुटतो.

वाद घालण्यापेक्षा आपापला ओढा मोजा. दिवाळीनंतर दर पंधरा दिवसांनी, एकाच जागी. सरळ, दगड-झुडपं नसलेला १० मीटरचा तुकडा निवडा. वरून संत्रं सोडा (थर्माकोल नको, वाऱ्याने पळतो) आणि सेकंद मोजा. तीनदा करून सरासरी घ्या. रुंदी ४ मीटर, सरासरी खोली ०.३ मीटर आणि वेळ २५ सेकंद असेल तर वेग सेकंदाला ०.४ मीटर. रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार करा. तळाशी पाणी संथ असतं म्हणून तो ०.८५ ने गुणा. उत्तर सेकंदाला साधारण ४०० लिटर.

पाऊस नसताना हा आकडा आधी भराभर, मग हळूहळू उतरायला हवा. मध्येच एकदम कोसळला तर आभाळाकडे बघू नका, काठावरच्या मोटारी मोजा. शेतीची थ्री फेज लाईट असताना एकदा आणि गेल्यावर काही तासांनी एकदा मापन घेतलं तर उपसा आकड्यातच दिसतो. वरच्या केटी (कोल्हापुरी पद्धतीच्या) बंधाऱ्याला बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले असतील तर ती तारीख वहीत लिहून ठेवा, कारण त्यानंतर तुम्ही ओढा मोजत नसता, बर्ग्यांची गळती मोजत असता.