मोआबच्या त्या फॉरवर्डवर विसंबून गाडी ट्रेलरवर चढवू नका

लाँग वीकेंड जवळ आला की अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर तोच मेसेज परत फिरायला लागतो. यूटातलं मोआब, म्हणजे ऑफ-रोड गाड्या फिरवायला लोक जातात ते गाव, तिथली जमीन फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची, म्हणजे सगळ्यांची, तिथे यूटा राज्याचा काय संबंध, बाहेरून एटीव्ही किंवा साइड-बाय-साइड (मातीच्या वाटांवर चालवायच्या छोट्या उघड्या गाड्या) नेली तर आपल्या राज्याचं रजिस्ट्रेशनचं स्टिकर बास, भाड्याने घेतली तर तेही नको. खाली दहा अंगठे 👍, आणि एकानेही यूटाची वेबसाइट उघडून बघितलेली नसते.

जमीन फेडरल आहे हे खरंय, मोआबभोवतीची बरीचशी बीएलएमकडे, म्हणजे ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्र सरकारच्या खात्याकडे आहे. पण बीएलएमच्याच नियमांत लिहिलंय की ऑफ-रोड गाडी चालवणाऱ्याने त्या त्या राज्याचे रजिस्ट्रेशनचे आणि चालवण्याचे कायदे पाळायचे. म्हणजे फेडरल जमीन म्हणून राज्याच्या कायद्यातून सुटका नाही, उलट फेडरल नियमच तुम्हाला राज्याच्या दारात नेऊन उभं करतो.

आता स्टिकर. पूर्वी काही राज्यांची यूटाशी देवाणघेवाण होती, तुमचं आम्हाला चालतं आमचं तुम्हाला, तेव्हाचा हा सल्ला असणार आणि तोच अजून फिरतोय. आता बाहेरून आणलेल्या गाडीला यूटाचं नॉन-रेसिडेंट परमिट घ्यावं लागतं, २०२३ मध्ये ते ३० डॉलरला होतं आणि १२ महिने चालायचं. इतका खर्च करून गाडी ओढत नेणाऱ्याने तेवढ्यासाठी पळवाटा शोधाव्यात याचं मला खरंच नवल वाटतं. आणि हे फक्त यूटाचं खूळ नाही, कोलोरॅडोही बाहेरच्यांकडून परमिट मागतं आणि तिथलं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, म्हणजे मार्चमध्ये घेतलंत तर महिन्याभरात संपलं.

भाड्याचा मुद्दा अर्धाच बरोबर आहे, आणि लोक फसतात ते इथेच. गाडी यूटातच रजिस्टर असेल तर बाहेरच्याचं परमिट नको, मान्य. पण २०२३ पासून चालवणाऱ्याने ओएचव्हीचा, म्हणजे अशा ऑफ-रोड गाड्यांचा, कोर्स केलेला असावा लागतो, तो गाडीचा नाही, माणसाचा आहे! अठराच्या वरच्यांसाठी ऑनलाइन आणि फुकट, त्यामुळे घरूनच उरकून टाका, आणि जो जो स्टिअरिंग धरणार त्याने करायचा, नुसता बुकिंग करणाऱ्याने नाही. अठराखालच्या पोरांचा कोर्स वेगळा, वर हेल्मेट सक्तीचं. नंबरप्लेटवाली साधी जीप भाड्याने घेतलीत तर हे परमिट-कोर्स प्रकरण लागू नाही, बहुतेक तिथूनच कोणीतरी ‘काहीच लागत नाही’ असं पसरवलं असावं. पण सँड फ्लॅट्सला, म्हणजे मोआबजवळच्या हेल्स रिव्हेंज ट्रेलच्या भागात जाताना, आत शिरायची फी जीपवाल्यालाही भरावी लागते.

मेसेजचं शेवटचं वाक्य सगळ्यात घातक, ‘एकदा आत गेलात की कुठेही फिरवा’. राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या १९७२ च्या आदेशापासून फेडरल जमिनीवर कुठे गाडी चालेल आणि कुठे नाही हे ठरवून दिलेलं असतं, बीएलएममध्ये ओपन, लिमिटेड, क्लोज्ड असे तीन प्रकार, आणि परमिट खिशात असलं तरी क्लोज्ड ते क्लोज्डच. मोआबजवळ लॅबिरिंथ रिम्स-जेमिनी ब्रिजेस भागात २०२३ च्या निर्णयाने सुमारे ३१७ मैलांचे रस्ते गाड्यांना बंद केले, त्यावरून कोर्टकचेऱ्याही झाल्या. तेव्हा कोणाच्या तरी जुन्या जीपीएस ट्रॅकवर जाऊ नका, बीएलएमचा ताजा नकाशा निघायच्या आधीच फोनवर उतरवून ठेवा, तिकडे बऱ्याच ठिकाणी रेंज नसते.