टाळ्या मीही वाजवल्या

आज एका घरगुती कार्यक्रमात एका पोराने पत्त्यांची जादू दाखवली आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. हात चांगले आहेत पोराचे, खोटं कशाला बोलू? पण समोरच्या काकूंनी त्याला हवा तो पत्ता सोडून शेजारचा उचलला, प्रयोग फसला, आणि हा बहाद्दर म्हणतो कसा, "तुम्ही पत्ता नीट लक्षातच ठेवला नाहीत." चारचौघांत! काकू ओशाळल्या. "असेल बाबा, माझंच चुकलं असेल," म्हणाल्या.

अरे, फोर्स, म्हणजे आपल्याला हवा तोच पत्ता समोरच्याला नकळत उचलायला लावणं, हुकतो. भल्याभल्यांचा हुकतो. तू काय करणार होतास हे त्या बिचारीला ठाऊक तरी होतं का? घेतला दुसरा पत्ता, घेऊ दे. गड्डीत परत घे आणि वेगळं काहीतरी दाखव. कुणाला पत्ताही लागत नाही. (गुपित फोडलं म्हणून अंगावर येऊ नका, एवढं सगळ्यांना माहीत असतं.)

मला माझी ताई आठवली. नाणं गायब करायला नुकताच शिकलो होतो. आरशासमोर तासन्‌तास घालवून पहिला प्रयोग तिला दाखवला. ती शांतपणे म्हणाली, "नाणं डाव्या हातात आहे. तो हात लुळा पडल्यासारखा धरतोस आणि मधूनच त्याच्याकडे बघतोस. ते सुधारेल रे. पण मला फसवल्यावर जे हसतोस ना, त्याचा राग येतो."

आठ दिवस बोललो नाही तिच्याशी. जादूतलं हिला काय कळतं! पण प्रेक्षक तीच होती.

जगप्रसिद्ध जादूगार हुडिनीसुद्धा मिरवायचा, कुठलीही पत्त्यांची जादू तीनदा बघितली की मला उमगते. १९२२ साली डाय व्हर्नन नावाच्या जादूगाराने त्याच्यासमोर वरून दुसऱ्या जागी घातलेला पत्ता पुन्हा सगळ्यात वर आणून दाखवला. पुन्हा दाखवला, पुन्हा दाखवला. तिनाचा आकडा कधीच मागे पडला, हुडिनीला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याची ही गत, आणि आपण चार व्हिडिओ बघून काकूंची चूक काढणार!

पण खरा संताप त्याचा नाही. आमचा आहे. काकू खाली मान घालून बसल्यात आणि आम्ही "भारी! जबरदस्त!" करतोय. तो आत गेल्यावर आम्हीच खुसुखुसू हसतोय. एकालाही त्याच्या खांद्यावर हात ठेवून बाजूला न्यावंसं वाटलं नाही. मलाही नाही. ताईने माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या असत्या तर आज माझा डावा हात तसाच लटकत असता.

नवशिक्याला पहिल्याच दिवशी सोलून काढलं तर तो पत्ते कायमचे ठेवून देईल, हे मान्य. काही प्रेक्षकही मुद्दाम मनगट धरणारे असतात. असो. काकू तशा नव्हत्या.

आता लिहिता लिहिता आठवतंय, गड्डी पिसताना त्याची बोटं थरथरत होती. ते वाक्य उद्धटपणाचं नसावं, घाबरूनच सुटलं असावं. माझं ते हसूही काही वेगळं नव्हतं.

मघाशी त्याला मेसेज टाकलाय. (डबल लिफ्ट म्हणजे दोन पत्ते एकच असल्यासारखे उचलणं.) "डबल लिफ्ट सुरेख होती, मला दिसली नाही. दुसरा पत्ता उचलला गेला तर काय करायचं ते भेटलास की दाखवतो. आणि काकूंना एक फोन कर."

दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर नाही.

आठ दिवस वाट बघतो.