बावीस मिलिमीटरचं भोक

घरी सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकुमानं कापणारं यंत्र, करायचा म्हटलं की लोक आधी मोटरींबद्दल विचारतात. मोटरी बिचाऱ्या गुणी असतात. खरा छळवाद मांडतं ते कंट्रोल पॅनल, म्हणजे यंत्राची बटणं बसवायचा पत्रा. पत्र्यात एका ओळीत, नेमकी २२ मिलिमीटरची भोकं पाडायला सर्वांत योग्य यंत्र म्हणजे सीएनसी राउटर, आणि तो चालायला आधी पॅनल हवं. मग भोकं हातानंच पाडायची.

२ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा घ्यावा, खाली लाकडी ठोकळा दाबून बसवावा, पंचानं खूण करावी, ३ मिलिमीटरचं भोक पाडावं आणि मग स्टेप ड्रिल (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणारं ड्रिल) सावकाश उतरवावं. २० च्या पायरीनंतर हाताला घाई होते आणि भोक २४ चं होतं. मोठं झालेलं भोक कानशीनं लहान होत नाही. दोन भोकांत अंतर ठेवताना लोक बटणाचा दांडा मोजतात, टोपी मोजत नाहीत. इमर्जन्सी बटणाची लाल टोपी ४० मिलिमीटरची असते. ती शेजारच्या ‘स्टार्ट’वर छत्री धरून बसते. पत्र्यामागचे कॉन्टॅक्ट ब्लॉकही (बटणाच्या वायरी जोडायचे ठोकळे) आधी कागदावर मांडून पाहावेत, कारण तिथे बटणं एकमेकांना कोपरानं ढोसतात.

या लाल बटणाबद्दल मी कुणाचंच ऐकून घेत नाही. ते दाबल्यावर कंट्रोलरला, म्हणजे यंत्राच्या मेंदूला, नुसता संदेश जाणार असेल, तर तो थांबवण्याचा हुकूम नव्हे, विनंतीअर्ज झाला. बटणाचा बंद कॉन्टॅक्ट (एरवी जोडलेला, दाबल्यावर तुटणारा) कॉन्टॅक्टरच्या (मुख्य वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) कॉइलशी सिरीजमध्ये घालायचा, म्हणजे दाबताच ड्रायव्हर (मोटरींना वीज देणारं सर्किट) आणि स्पिंडलचा (कापणारं बिट फिरवणाऱ्या मोटरचा) पुरवठा तुटतो. वायर निसटली तरी यंत्र थांबतं. उघडा कॉन्टॅक्ट वापरला, तर वायर तुटल्याचं नेमकं हात अडकल्यावरच कळतं.

सांगाड्याचं थोडक्यात: दोन्ही कर्ण मोजा, गुण्यावर विसंबू नका. मोटर एका फेऱ्यात २०० स्टेप घेते, ड्रायव्हर ८ मायक्रोस्टेपवर (एका स्टेपचे आठ तुकडे) ठेवला की १६००. बॉलस्क्रू (फिरून यंत्र सरकवणारा स्क्रू) १६०५ जातीचा असेल तर एका फेऱ्यात ५ मिलिमीटर, म्हणजे मिलिमीटरला ३२०. यंत्र १०० ऐवजी ९९.२ सरकलं, की लोक ३२० चे ३२२.५८ करून मोकळे होतात. गुन्हा सहसा कपलिंगच्या (मोटर आणि बॉलस्क्रूमधल्या जोडाच्या) ढिल्या स्क्रूचा किंवा मोजणाऱ्याचा, शिक्षा मात्र आकड्याला. स्टेपर मोटर स्टेप चुकली तरी कुणाला सांगत नाही. कंट्रोलर समाधानानं पुढचे पल्स सोडत राहतो. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय.

आता भूतबाधा. स्पिंडल बंद ठेवून हवेत सगळं झकास चालतं. स्पिंडल सुरू केला, की कुठेही न धडकलेलं यंत्र ‘लिमिटला धडकलो’ म्हणून बोंब ठोकतं. मग लिमिट स्विच (यंत्र टोकाला पोचल्याचं सांगणारा) बदलला जातो, पुन्हा बदलला जातो, तिसरा महाग आणला जातो. चोर सोडून संन्याशाला फाशी. चोर असतो व्हीएफडी (स्पिंडलला वीज देऊन त्याचा वेग ठरवणारा डबा): स्पिंडलची केबल आणि स्विचची बारीक वायर एकाच केबल-चेनमध्ये गळ्यात गळे घालून धावतात, आणि पहिलीच्या वेगवान स्विचिंगचा गोंगाट दुसरीत उतरतो. दोघींना वेगळं करा. स्विचला शिल्डेड (वर धातूचं वेष्टण असलेली) केबल घ्या, शिल्ड फक्त कंट्रोलरच्या टोकाला अर्थ करा. स्विच बंद कॉन्टॅक्टचा जोडा आणि जीआरबीएल (कंट्रोलरमधलं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर त्यातलं $५ हे सेटिंग उलटं करायला विसरू नका, नाहीतर यंत्र जन्मतःच धडकलेलं असतं. इनपुट आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका; त्यानं न भागल्यास ऑप्टोकपलर (संदेश प्रकाशातून पलीकडे देणारा सुटा भाग). व्हीएफडी उघडलाच आहे तर बेस फ्रीक्वेन्सीही (पूर्ण व्होल्टेज ज्या फ्रीक्वेन्सीला मिळतं ती) पाहा. २४,००० फेऱ्यांच्या स्पिंडलला ती ४०० हर्ट्झ लागते. ५० वर राहिली, तर कमी वेगालाच पूर्ण व्होल्टेज मिळतं आणि वाइंडिंगचा वास घरभर जातो.

जॉग बटणांवरच्या (यंत्र हातानं सरकवायच्या बटणांवरच्या) बाणांनी तर घरात दोन तट पडतात. टेबल सरकणाऱ्या यंत्रात उजवा बाण दाबल्यावर टेबल डावीकडे गेलं पाहिजे, कारण बाण टेबलाचा नसून बिटचा असतो. हे मान्य न करणारे मोटरची दिशाच उलटी करतात, आणि पुढे प्रत्येक फाइल आरशात कापली जाते.

फीडचा (बिट पुढे सरकण्याच्या वेगाचा) नॉब शून्याकडे नेणं म्हणजे सावधपणा, असाही एक समज आहे. १८,००० फेरे, दोन धारांचं बिट, धारेला ०.०५ मिलिमीटर, म्हणजे मिनिटाला १८०० मिलिमीटर. भीतीनं ३०० वर आणलं, की बिट कापत नाही, घासतं. लाकूड काळं पडतं आणि धार मरते.

हे सगळं जमलं, की यंत्राचं पहिलं काम ठरलेलंच असतं: नवं, देखणं पॅनल कापायचं. भोकं सुरेख २२.३ मिलिमीटरची येतात, अक्षरं कोरली जातात. मग जुन्या पॅनलमधली बटणं काढून यात बसवायला घ्यावीत, तर शेवटच्या बटणाच्या वायरी दोन सेंटिमीटरनं आखूड.