पाठ केलंय की ओ सर!

"सम्राट अशोकाने इ.स.पू. २३२ ते इ.स.पू. २६८ या काळात राज्य केले."

अकरावीच्या सराव परीक्षेतलं उत्तर आहे हे. अक्षर सुरेख, खाडाखोड नाही. त्या आकड्यांखाली लाल रेघ बघून पोरगी रडकुंडीला आली. "पाठ केलंय की ओ सर, त्यात असंच हाय!" आणि खरोखर तसंच होतं. झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा 'हमखास येणारे प्रश्न'चा गठ्ठा तिनं पुढं केला, त्यात आकडे उलटे छापलेले. तिच्या हातात जे दिलं ते तिनं इमानदारीनं पाठ केलं.

सकाळपासून डोक्यात तेच आहे, म्हणून लिहितोय. पोस्ट लांबणार.

राग त्या पोरीवर नाही. राग "इतिहास काय, चार दिवस बसलं की होतो" म्हणणाऱ्या सगळ्यांवर आहे. गणिताला क्लास, अकाउंटला क्लास आणि इतिहासाला झेरॉक्स! इसवी सनापूर्वीची वर्षं उतरत्या क्रमानं येतात, २६८ आधी आणि २३२ नंतर, हे त्या पोरीला वर्षभरात कुणी एकदा तरी फळ्यावर रेघ मारून दाखवलं असतं, तर छापील चूक तिनं स्वतः पकडली असती. प्राचीन इतिहासात पोरं सगळ्यात जास्त इथंच घसरतात. शतकाचंही तसंच. इ.स.पू. २६८ म्हणजे इ.स.पू. तिसरं शतक, पण निम्मा वर्ग 'दुसरं' लिहितो. शून्य नावाचं वर्षच नाही, त्यामुळं इ.स.पू. ५० ते इ.स. ५० हे अंतर ९९ वर्षांचं, हे तर बऱ्याच मोठ्यांनाही सांगावं लागतं.

यावर उपाय साधा आहे. एक मोठं कार्डशीट घ्या. लांब बाजूनं सात-सात सेंमी रुंदीच्या तीन पट्ट्या कापून एकमेकींना चिकटवा. एका शतकाला पाच सेंमी. हडप्पा नगरांचा बहर इ.स.पू. २६०० च्या सुमाराला सुरू होतो, तिथून इ.स. ७०० पर्यंत ३३ शतकं, म्हणजे १६५ सेंमी. इ.स.पू. निळ्या पेनानं, इ.स. लाल पेनानं. मग खुणा करा. इ.स.पू. १९०० ला नगरांची उतरती कळा, इ.स.पू. ३२६ ला अलेक्झांडर, पाच वर्षांनी चंद्रगुप्त मौर्य, इ.स.पू. १८५ ला मौर्य संपले, इ.स. ७८ ला शक संवत, इ.स. ३१९-२० ला गुप्त संवत, इ.स. ६०६ ला हर्ष. सोय म्हणून सगळ्या खुणा सारख्या अंतरावर करू देऊ नका, तिथं अख्खी पट्टी वाया जाते. मोजूनच करायच्या. हडप्पा नगरांच्या सुरुवातीपासून अशोकापर्यंतचं अंतर अशोकापासून १६७४ च्या शिवराज्याभिषेकापर्यंतच्या अंतरापेक्षा जास्त आहे, हे पोरांना त्याच मापानं पट्टीच्या पुढं मोजून दाखवलं की वर्गात एकदम शांतता होते. पुस्तकात या दोन धड्यांमध्ये थोडीशीच पानं असतात ना!

दुसरं, प्रत्येक उत्तराला एक प्रश्न जोडायचा: हे आपल्याला कुणी सांगितलं? पुन्हा त्या पोरीचंच उत्तर घ्या. कलिंगाच्या युद्धावर तिनं सहा ओळी लिहिल्या, त्यात शिलालेखाचं नावही नाही. दीड लाख माणसं देशोधडीला लागली, एक लाख मारली गेली, त्याहून कितीतरी जास्त मेली, हे खुद्द अशोकानं तेराव्या शिलालेखात कोरून ठेवलंय, आणि युद्ध राज्याभिषेकानंतर आठ वर्षांनी झालं हेही त्यातच आहे. पण ज्या कलिंगात हे घडलं, तिथल्या धौली आणि जौगडच्या लेखांत हा तेरावा लेख नाहीच. तिथं वेगळे लेख आहेत. 'तुमचे मत नोंदवा'ला एवढी एक गोष्ट पोराला माहीत असली की उत्तर त्याचं स्वतःचं होतं, गठ्ठ्यातलं राहत नाही.

सातवाहनांचंही तसंच. गौतमीपुत्र सातकर्णीनं क्षत्रप राजा नहपानाला हरवलं, एवढं वाक्य लिहून पोरं पुढं जातात. पुरावा नाशिकजवळच्या जोगळटेंभीच्या नाण्यांत आहे. १३,००० पेक्षा जास्त चांदीची नाणी, आणि त्यातल्या बहुतेकांवर नहपानाच्या छापावरच गौतमीपुत्राचा छाप मारलेला. दोन्ही छाप एकाच नाण्यावर दिसतात. नाशिकच्या लेण्यातला लेख मात्र त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, तोही मुलाच्या पश्चात, नातवाच्या कारकिर्दीत कोरलेला. आई मुलाचं कौतुकच करणार, म्हणून तो लेख वाचताना थोडं जपून. अकरावीच्या पोराला हे पटकन कळतं, फक्त सांगणारा पाहिजे.

मान्य, प्रश्नसंच अगदीच टाकाऊ नसतात. प्रश्नांचा साचा कळतो, आणि सकाळी ऊसतोडीला घरच्यांसोबत जाऊन दुपारी कॉलेजला येणाऱ्या पोराला तेवढाच आधार असतो. पण मग तो नीट तपासून तरी छापा रे!

'चुकीची जोडी ओळखा'साठी नावांच्या जुळ्यांची एक वेगळी यादी करून घ्या. चंद्रगुप्त मौर्य वेगळा आणि गुप्त घराण्यातला पहिला चंद्रगुप्त वेगळा, मध्ये सहाशेहून जास्त वर्षं. हरिषेण दोन, एक समुद्रगुप्ताची प्रयाग प्रशस्ती रचणारा, दुसरा अजिंठ्याच्या काळातला वाकाटक राजा. पुलकेशी दोन, हर्षाला अडवणारा दुसरा. परदेशी पाहुण्यांची गल्लत तर ठरलेली. मेगॅस्थेनिस मौर्यांकडं, फाहियान गुप्तकाळात, युआन श्वांग हर्षाच्या काळात. ही जुळी पट्टीवर आपापल्या जागी लिहिली की घोळ निम्म्यावर येतो.

नकाशात आधी नद्या, मग गावं. रावीवर हडप्पा, सिंधूवर मोहेंजोदडो, गोदावरीवर पैठण, प्रवरेवर दायमाबाद, घोडनदीवर इनामगाव. धोलावीरा कच्छमध्ये आणि लोथल खंबातच्या आखाताजवळ, हे हमखास उलटं होतं. ठिपका पेन्सिलीनं, नाव आडवं, आणि ठिपका नेमका कुठला ते कळेल असं. नाव समुद्रात आणि ठिपका गायब, अशा नकाशाला मार्क कसे देणार?

वेळेचा हिशेब पोरांकडूनच मांडून घ्या. ८० मार्क, १८० मिनिटं. वाचायला दहा आणि तपासायला पंधरा बाजूला काढली, तर मार्काला दोन मिनिटंसुद्धा उरत नाहीत. चार मार्कांचं उत्तर साडेसात मिनिटांत बसलं पाहिजे. पोरं पहिल्याच टिपेवर वीस मिनिटं घालवतात, कारण ती सगळ्यात चांगली पाठ असते, आणि सविस्तर उत्तराला शेवटी घाईगडबड. घड्याळ लावून, पुस्तक मिटून आठवड्यातून दोन उत्तरं लिहून घेतली तरी हात बसतो. 'सकारण स्पष्ट करा'त कारण, पुरावा, परिणाम हाच क्रम. पुरावा गाळला की उत्तर अर्धं.

आणि कोल्हापूरकरांनो, आपण तर नशीबवान आहोत. पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरीची टेकडी आहे, १९४५-४६ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षितांनी तिथं उत्खनन केलं. सातवाहन काळातली वस्ती निघाली. याच ब्रह्मपुरीला सापडलेली रोमन बनावटीची, ग्रीक समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती आपल्या टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. हातभर उंचीचीही नाही, पण 'सातवाहनकालीन व्यापार' या टिपेचा पुरावा काचेपलीकडं उभा आहे. शहरातल्या किती पोरांना तो कुणी दाखवलाय? त्या पोरीलाही माहीत नव्हतं. संग्रहालयापासून चालत पंधरा मिनिटांवर राहते ती.

तिला मार्क नाही देता आला. चुकीचं ते चुकीचंच. पण उद्या वर्गात पट्टी करायची ठरली आहे आणि पहिली खूण तीच करणार आहे.

पालकांनो, आज रात्री एक करा. पोराच्या हातातला गठ्ठा आणि पाठ्यपुस्तक शेजारी ठेवा आणि फक्त सनावळ्या जुळवून बघा. तासाभराचं काम आहे. जिथं फरक दिसेल तिथं पाठ्यपुस्तकातलं धरा, आणि झेरॉक्सवरचं पेनानं ठळक खोडून टाका, म्हणजे ती प्रत दुसऱ्या पोराकडं गेली तरी चूक पुढं जाणार नाही. कार्डशीट आणि दोन रंगांची पेनं महाद्वार रोडला कुठंही मिळतील.