‘चहाच तर आहे’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मोकळेपणाने लिहिलंत, बरं केलंत. तुमचं म्हणणं असं, की झाडपाल्याचा चहा लोक शेकडो वर्षं पितायत, त्याचे दुष्परिणाम सांगून मी उगाच घाबरवते. चिन्यांचं ‘थंड-गरम’ ही अंधश्रद्धा. आणि तुमची आई रोज ज्येष्ठमधाचा चहा पिते, तिला काहीच होत नाही.

मी हाँगकाँगला नवीन होते तेव्हाची गोष्ट. इथे ‘लेउंग चा’ची, म्हणजे थंडावा देणाऱ्या चहाची दुकानं असतात. समोरच भोपळ्याच्या आकाराची मोठी पितळी भांडी, त्यांना तोट्या, आणि फळीवर झाकून ठेवलेले काळ्या, कडूजहर चहाचे वाडगे. उन्हाळ्यात माझ्या चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या. शेजारीण म्हणाली, ‘यीत हेइ’, अंगात उष्णता वाढलीय. झालं, मी रोज ‘चोवीस चवींचा’ चहा प्यायला लागले. आठवडाभरात जुलाब सुरू, आणि भर जुलैत हातपाय गार. दुकानातल्या आजींना सांगितलं तर त्या माझ्यावरच रागावल्या. जीभ बघितली: फिकट, कडांना दातांचे ठसे. तुझी प्लीहा आणि जठर मुळातच थंड, तुला हा चहा कुणी सांगितला? पाळीत, गरोदरपणात, लहान पोरांना तर तो द्यायचाच नाही, म्हणाल्या. वाडगा काढून घेतला आणि घरी जाऊन आल्याचा काढा पी म्हणून पिटाळलं.

म्हणजे हे पथ्य मी माझ्या पदरचं सांगत नाही. ज्या परंपरेने चहा दिला, तिनेच तो कुणी पिऊ नये हेही सांगितलं. परंपरेचा म्हणून चहा घ्यायचा आणि तिचंच पथ्य अंधश्रद्धा म्हणून टाकायचं, हे मला पटत नाही.

थंड-गरम बाजूला ठेवलं तरी प्रश्न उरतोच. वजन उतरवायच्या कित्येक ‘चिनी’ चहांत ‘फान श्ये ये’ असतं. ती आपली सोनामुखी! महिनोन्‌महिने घेतली की आतड्यांना तिची सवय लागते, शरीरातलं पोटॅशियम उतरतं. आणि ज्यांच्या रक्तात जी६पीडी हे एन्झाइम कमी असतं, त्यांना लेउंग चातल्या ‘गाम न्गान फा’सारख्या साध्या फुलांपासूनही इथे जपायला सांगतात, कारण तांबड्या पेशी फुटण्याची भीती. दक्षिण चीनमध्ये हा दोष बऱ्याच जणांत आढळतो. म्हणून हाँगकाँगमध्ये १९८४ पासून नवजात बाळांच्या नाळेचं रक्त त्यासाठी तपासतात.

आता तुमच्या आईंबद्दल, कारण मला खरी काळजी तिथेच वाटली. ज्येष्ठमधात ग्लिसरायझिन असतं. ते रोज आणि बरंच पोटात गेलं तर अंगात पाणी धरतं, रक्तदाब चढतो, पोटॅशियम घटतं. सुरुवातीला काही जाणवतही नाही. त्यांना बीपीची गोळी चालू आहे का? लघवी जास्त व्हायची गोळी आहे का? असेल तर चहा आजच थांबवा, आणि डॉक्टरांकडे जाताना चहाचा डबा सोबत न्या.