लोपामुद्रा, माहेर विदर्भ

मुलींच्या नावांच्या ज्या याद्या मोबाइलवर फिरतात ना, त्यातल्या नावांवर माझा राग नाही, अर्थांवर आहे. निम्म्या नावांचा अर्थ ‘लक्ष्मीचे एक नाव’, उरलेल्यांचा ‘सूर्याचा पहिला किरण’. काहीच सुचलं नाही तर ‘सुंदर, अद्वितीय’. सध्या आमच्या घरी याच याद्यांचं पारायण सुरू आहे, कारण मला भाची झाली आहे आणि पाळण्याशी कुर्र करायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. भरणी नक्षत्र, चौथं चरण, मेष रास, अक्षर ‘लो’. ज्यांच्या घरात हे अक्षर येऊन गेलंय त्यांनाच कळेल. यादी ‘लोचना’पाशी सुरू होते आणि ‘लोचना’पाशीच संपते.

मी म्हटलं, लोपामुद्रा ठेवा.

वहिनीच्या आईंनी चहाचा कप खाली ठेवला. “लोप म्हणजे तं नाहीसं होणं. पोरीचं असं नाव कोणी ठेवते काय जी?” माझी आई म्हणाली, नाव चांगलं आहे, पण शाळेत पोट्टे चिडवतील. भाऊ तोवर मोबाइल काढून बसला होता. “इथे लिहून आहे, अगस्त्य ऋषींची पत्नी, विदुषी.”

पहिल्या दोन हरकतींना माझ्याकडे उत्तर आहे. तिसरी हरकत नव्हतीच, पण मला राग आला तो तिचाच. अगस्त्यांची पत्नी, बस? ती विदर्भाच्या राजाची मुलगी होती, हे कोण लिहिणार? आपली पोरगी आहे ती! आणि हे एखाद्या उत्साही माणसाने मागाहून जोडलेलं नाही, महाभारताच्या वनपर्वात चक्क सगळी गोष्ट आहे.

अगस्त्यांना आपले पितर एका खड्ड्यात उलटे लटकलेले दिसतात. वंश चालला नाही तर आमची सुटका नाही, असं ते सांगतात. मनासारखी मुलगी सापडत नाही, म्हणून अगस्त्य वेगवेगळ्या प्राण्यांचं जे जे उत्तम ते घेऊन एक कन्या घडवतात आणि संततीसाठी तप करणाऱ्या विदर्भराजाच्या घरी ती जन्माला येते. ती मोठी झाल्यावर ऋषी तिला मागायला येतात. राजा-राणीच्या पोटात गोळा. द्यावी तर पोरगी जंगलात जाणार, न द्यावी तर शाप. तेव्हा मुलगीच पुढे होऊन बापाला सांगते, माझ्यापायी त्रास करून घेऊ नका, मला देऊन टाका आणि स्वतःला वाचवा.

इथपर्यंत आपल्याला सवयीची, सोशिक वगैरे राजकन्या. मजा पुढे आहे. लग्नानंतर नवऱ्याच्या सांगण्यावरून ती रेशमी वस्त्रं, दागिने उतरवते, वल्कलं नेसते, गंगाद्वाराला त्याच्यासोबत तप करते. बराच काळ जातो. मग ऋषींना संसाराची आठवण होते, आणि ही म्हणते, जरूर, पण माझ्या बापाच्या घरी होती तशी शय्या हवी, दागिने हवेत, या तापसी कपड्यांत नाही. अगस्त्य म्हणतात, एवढं धन माझ्याकडे कुठून येणार? ती म्हणते, तपाच्या बळावर तुम्हाला काय अशक्य आहे? ते म्हणतात, त्यात तप खर्ची पडेल. बरं, मग तप न घालवता आणा!

आणि अगस्त्य ऋषी, ज्यांच्यापुढे विंध्य पर्वत वाकला ते, पैसे मागायला निघतात. एका राजाकडे जातात, तो जमाखर्च पुढे ठेवतो. जमा तेवढाच खर्च. इथून घेतलं तर रयतेला त्रास होईल म्हणून ऋषी काही घेत नाहीत. दुसऱ्या राजाकडे तेच, तिसऱ्याकडे तेच. शेवटी सगळे मिळून इल्वल नावाच्या श्रीमंत असुराकडे जातात, आणि त्याच्या भावाला, वातापीला, पचवल्याची जी गोष्ट आपण लहानपणी ऐकली, ती तिथे घडते. जेवण झाल्यावर पोटावर हात फिरवून ‘वातापी पचला’ म्हणतात, ते लोपामुद्रेच्या मागणीमुळे, हे किती जणांना माहीत आहे?

धन आल्यावर ऋषी विचारतात, हजार मुलं हवीत, शंभर, दहा, की हजारांना भारी पडेल असा एकच? ती म्हणते, एक पुरे.

ऋग्वेदातली लोपामुद्रा तर याहून सरळ बोलते. पहिल्या मंडलातलं 179 वं सूक्त, ऋचा सहाच, देवता रती. त्यातल्या पहिल्या दोन ऋचा तिच्या तोंडी आहेत. आशय असा की कित्येक शरद ऋतू मी रात्रंदिवस कष्टले, म्हातारपण शरीराची शोभा नेतं, आता नवऱ्याने बायकोजवळ यावं. पुढचं मी सगळ्या नातेवाइकांसमोर सांगितलं नाही, माझी आई बसली होती. पण ‘विदुषी, पतिव्रता’ या दोन शब्दांत या बाईला बसवणारे लोक ते सूक्त वाचत नाहीत एवढं नक्की.

आता लोप. अर्थ लावणारे सांगतात की हरणाचे डोळे, वाघाची कंबर असं एकेकाचं देखणेपण हिच्यात आलं, म्हणून त्यांची मुद्रा लोपली, म्हणून ही लोपामुद्रा. ही फोड नंतरची असेल, पण आपल्या काव्याला शोभणारी आहे. आणि वहिनीच्या आईंना मी पाणिनी ऐकवला. त्या स्वतः संस्कृत शिकवून निवृत्त झाल्यात, म्हणून हिंमत केली. ‘अदर्शनं लोपः’. लोप म्हणजे नाश नाही, न दिसणं. पुढे तोच सांगतो की प्रत्यय लोपला तरी त्याचं काम होतच राहतं. त्या हसल्या. म्हणाल्या, “सूत्र बरोबर हाय, पण पोट्टीच्या वर्गातल्या पोरांना पाणिनी कोण सांगणार?” तेही खरंच आहे म्हणा.

नाव दुर्मीळ आहे ते आपल्याकडे. बंगाल, ओडिशात लोपामुद्रा हे घराघरातलं नसलं तरी सहज ऐकू येणारं नाव आहे. लोपामुद्रा मित्रा ही बंगालीतली नावाजलेली गायिका. दक्षिणेत, कर्नाटकातल्या कोडगूमध्ये लोपामुद्रा म्हणजेच कावेरी, अगस्त्यांच्या कमंडलूतून निघालेली. ललितासहस्रनामात देवीचं एक नाव ‘लोपामुद्रार्चिता’ आहे, म्हणजे लोपामुद्रेने जिची पूजा केली ती. दर शुक्रवारी ते म्हणणाऱ्या कितीतरी बायका नागपुरात आहेत, माझी मोठी मावशीसुद्धा. नाव ऐकून “अगंबाई, हे कुठलं बंगाली नाव?” असं विचारणारीही तीच.

आणि नागपूरकरांनी तर हे नाव अनोळखी म्हणूच नये. लोपामुद्रा राऊत आपल्या नागपूरची. 2016 मध्ये मिस युनायटेड कॉन्टिनेंट्समध्ये दुसरी उपविजेती झाली, त्याच वर्षी ‘बिग बॉस’च्या दहाव्या पर्वात गेली आणि अंतिम फेरीपर्यंत टिकली. तेव्हा ‘आपल्या नागपूरची पोरगी’ म्हणून टीव्हीसमोर बसलेलं अख्खं घर मला आठवतं, त्यात वरची मावशीपण होती. पण म्हणून कोणी आपल्या मुलीचं नाव लोपामुद्रा ठेवलं, असं माझ्या ओळखीत तरी नाही. सिनेमातल्या नायिकेचं नाव मात्र सिनेमा उतरायच्या आत पाळण्यात येतं. कियारा, शनाया, मायरा. छान आहेत, उच्चारायला सोपी आहेत. फक्त त्यांचे संस्कृत अर्थ शोधू नका, नसलेले सापडतात.

मला खटकतं ते हे की जुनी, भारदस्त नावं हवीत म्हणून लोक कुठे कुठे फिरतात आणि स्वतःच्या जिल्ह्यात बघत नाहीत. दमयंती विदर्भाची. रुक्मिणी विदर्भाची, कौंडिण्यपूरहून तिची पालखी अजून पंढरपूरला जाते. इंदुमती विदर्भाची. कालिदासाला ‘दीपशिखा कालिदास’ म्हणतात ते ‘रघुवंशा’त तिच्या स्वयंवरावर लिहिलेल्या एका उपमेमुळे. त्या कालिदासाच्या नावाचं विद्यापीठ आपण रामटेकला उभं केलं, आणि इंदुमती मात्र आज्यांच्या पिढीत ठेवून आलो.

रामटेकच्या अलीकडेच नगरधन आहे, म्हणजे विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक राजघराण्याची राजधानी नंदिवर्धन. तिथली राणी प्रभावतीगुप्ता, गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. नवरा गेल्यावर तिने लहान मुलांच्या वतीने राज्य चालवलं. तिच्या ताम्रपटांत वंशावळ दिली आहे ती बापाच्या घराची. गोत्र लिहिलंय ‘धारण’, तेही माहेरचं. सोळाशे वर्षांपूर्वीची गोष्ट. आणि आमच्याकडे आजही लग्नानंतर बँकेत जुनी सही चालवली तर सासरची चार माणसं विचारतात.

म्हणून भावाला एवढंच म्हटलं की नाव नको असेल तर नको ठेवू, पण ‘अगस्त्यांची पत्नी’ म्हणून नाकारू नको. घाई तर अजिबात नको. जन्माची नोंद 21 दिवसांत करावी लागते, पण त्यात मुलाचं नाव नंतरही घालता येतं. पहिल्या वर्षभरात फुकट, पुढे विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. फक्त एकदा घातलं की नीट घाला. आमच्या एका नातलग मुलीच्या दाखल्यावर नावातला एक काना सुटला, तो दहावीच्या गुणपत्रिकेपर्यंत तिच्यामागे फिरला. लोपामुद्रा चार अक्षरी आहे, इंग्रजीत नऊ. रकान्यात मावतं, मोजून पाहिलं.

वहिनी आता अर्धी वळली आहे. तिची अट एकच, कागदावर लोपामुद्रा चालेल, घरात हाक ‘मुद्रा’ मारायची. मला मुद्रा म्हटलं की बँकेतल्या मुद्रा लोनची फाइल आठवते, त्यामुळे माझं मत लोपाला. तुम्हीच सांगा.